चौथं भोक वाकडं

नगरहून शेवगावच्या रस्त्याला लागलं की हल्ली पौषात दोन्ही अंगांना हुरडा पार्टीचे फलक दिसतात. फलकावर कणीस, कणसाशेजारी झोपाळा, झोपाळ्यावर काळा चष्मा लावलेली बाई. माझं झोपाळ्याशी वैर नाही. बसा, झोके घ्या, हुरडा खा, फोटो काढा. माझं वैर आहे ते पिकाच्या मधोमध बांबूला बांधलेल्या कर्ण्याशी. त्यात कुणाचा तरी ‘हाऽऽ हुर्रऽऽ’ असा भरून ठेवलेला ओरडा असतो आणि तो दर दोन मिनिटांनी आपला आपण वाजतो. पहिले दोन दिवस पाखरं उडतात. तिसऱ्या दिवशी भोरड्या त्याच कर्ण्यावर बसून पिसं साफ करतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मनातल्या मनात त्यांना शाबासकीही दिली आहे.

दरवर्षी हे दिवस आले की माझे कान असे उगाच ताठ होतात. वय शहात्तर, एका कानानं तसं कमीच ऐकू येतं, पण थंडीत लांबून येणारा आवाज मला अजून ओळखता येतो. आणि यंदा तर कहर झाला. परवा सकाळी एका तरुणाचा फोन आला. पुण्याजवळ त्याचं जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करायचं वर्कशॉप आहे. त्याच्याकडे तेवीस सालची एक विलायती गाडी आली आहे, मूळची आपल्या नगर जिल्ह्यातली. रंग खरवडताना ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या खांबाखाली, शिशानं बुजवलेली चार भोकं निघाली. गाडीला भोंगा आहे, नागाच्या तोंडाचा, पितळी. पण तो मडगार्डवर आहे. मग ही भोकं कशाची? नगरच्या एका जुन्या मेकॅनिकनं त्याला माझा नंबर दिला होता.

‘‘आजी, तीन भोकं सरळ रेषेत आहेत, पण...’’

‘‘चौथं वाकडं आहे,’’ मी म्हणाले. ‘‘बाहेरच्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढं सरकलेलं.’’

खरं तर पन्नास वर्षं मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. आणि तो आला तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला. इतका उशीर कशाला केलात रे सगळ्यांनी?

सत्तर-एकाहत्तरचा तो हिवाळा. माळीवाड्याच्या अलीकडे नानांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, पत्र्याचं गॅरेज होतं. थंडीत पत्रा असा गार पडायचा की सकाळी पान्याला हात लावला तर बोटं चिकटतात की काय असं वाटावं. रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, मग पुन्हा चहाच्या कपालाही रॉकेलचा वास. आमचं गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले, जीपवाले, साखर कारखान्याचे ट्रॅक्टर. कर्जत-शेवगावकडचे शेतकरी येताना हुरड्याच्या कणसांची पिशवी घेऊन यायचे. तेलाच्या पिंपाचा अर्धा तुकडा होता, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, कणसं खुपसायची आणि गरम गरम हातावर चोळायची. हिरवे दाणे, लसणाची चटणी आणि वर इंजिनाच्या तेलाचा एक बारीकसा वास. लोक म्हणतात हुरडा शेतातच खावा. खावा बापडा, पण माझ्या जिभेवर गॅरेजचाच बसला आहे.

मी तेवीस वर्षांची होते. नंबरप्लेटी रंगवायची, गाड्यांच्या अंगावरून बारीक रेघ मारायची, नानांची पत्रं लिहायची. घरी येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या घोटाला चहाचं कौतुक आणि दुसऱ्या घोटाला माझी काळजी करायचा. मुलगी गॅरेजात बसते, मग स्थळं कशी येणार? नाना म्हणायचे, ‘‘येतील तेव्हा हॉर्न वाजवतील.’’ मी म्हणायची, वाजवला तरी मी रस्त्यातून हटणार नाही. हे मी गमतीनं म्हणायची. त्याच हिवाळ्यात ते मला खरोखर करावं लागलं.

ती गाडी नगरच्या एका वकीलसाहेबांची. म्हणजे त्यांच्या वडलांची. गावात त्यांना थोरले मालक म्हणत. शेवगावच्या बाजूला त्यांची मोठी जमीन. गाडी पंचवीस-तीस वर्षं गोठ्याशेजारच्या छपरात कडब्याखाली पडून होती. पुण्याला जुन्या मोटारींची मिरवणूक निघणार होती, बक्षिसं होती, आणि वकीलसाहेबांच्या मनात आलं की आपलीही गाडी जावी. त्यांनी ती नानांकडे आणून टाकली. नानांनी जन्मभर दुसऱ्यांच्या ट्रकांचे गिअर बदलले होते. मिरवणुकीच्या पत्रकात गाडी ज्यानं उभी केली त्याचं नाव छापून येणार होतं. त्या दिवसापासून नाना रोज दाढी करून गॅरेजात येऊ लागले.

रेघ मारण्याआधी मी पत्रा घासत होते, तेव्हा ती चार भोकं मला सापडली. शिसं भरलेलं. भोवताली अंड्याच्या आकाराचा एक डाग. बाकी गाडीचा जुना रंग उन्हानं विटून राखाडी झालेला, पण त्या अंड्याच्या आत तो पहिल्या दिवसासारखा गर्द निळा. म्हणजे तिथं काहीतरी कित्येक वर्षं बसलेलं होतं आणि त्यानं ऊन अडवलं होतं. डागाच्या वर पत्रा गुळगुळीत झालेला, कशाचं तरी मऊ अंग घासून घासून. मी त्यावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल घासून ठसा घेतला. लहानपणी नाण्याचा घेतो तसा. चार भोकं कागदावर उमटली. तीन सरळ, चौथं वाकडं. बसवणाऱ्याचा हात घसरला असावा.

भोंग्याला वय असतं, हे मला त्याच दिवसांत कळलं. वाचनालयातल्या जुन्या मासिकांच्या जाहिराती मी पिंजून काढल्या, टांग्यांच्या अड्ड्यावरचे म्हातारे गाठले. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्या पितळेच्या हौशी. दिवे पितळी, भोंगा पितळी, आणि रोज ते घासायला घरात गडी. युद्धानंतर ती हौस ओसरली. निकेल आलं, काळा रंग आला. मग विजेचा भोंगा आला आणि हातानं दाबायचा रबरी फुगा टांग्यांवर जाऊन बसला. तेवीस साल हे मधलं साल. ह्या गाडीच्या स्टिअरिंगच्या चाकावर बटण नव्हतं, दांड्यातून तार गेल्याची खूण नव्हती. तेव्हा भोंगा फुग्याचाच, ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी, आखूड नळीचा, काळा, फार तर तोंडाला निकेलची कड. दिसायला अगदीच साधा. पण तोच खरा.

आणि इथंच जुन्या गाड्यांची हौस असणारी माणसं हमखास चुकतात. त्यांना पितळेचं वेड. निकेल दिसलं की ते घासून घासून उतरवतात, खालचं पितळ सोन्यासारखं चमकलं की म्हणतात, बघा, मूळ रूप आलं! मूळ रूप तुम्ही आत्ताच चिंधीला पुसून टाकलंत, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं. सांगून बघितलं.

वकीलसाहेबांनी सल्ल्याला पुण्याचे एक जाणकार आणले होते. जाणकारांनी पेटीतून काढला तो नागतोंडी भोंगा. हातभर लांब, वळणावळणाचा, पुढे फणा आणि काचेचे लाल डोळे. गॅरेजातली सगळी माणसं हातातली कामं टाकून गोळा झाली. वकीलसाहेबांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

‘‘अहो, पण ही भोकं?’’ मी ठसा पुढे केला.

‘‘आरशाची असतील,’’ जाणकार म्हणाले.

‘‘आरशाच्या खाली एवढी जागा झाकली जात नाही. हा डाग बघा. आणि नागोबा बसवायला तुम्हाला मडगार्डला नवी भोकं पाडावी लागतील. जुनी जागा सोडून नवी भोकं पाडायची आणि त्याला मूळ म्हणायचं?’’

जाणकार हसले. नानांकडे वळून म्हणाले, ‘‘मिस्त्री, तुमची मुलगी नंबरप्लेटी फार सुरेख रंगवते हं.’’

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! आजही हे लिहिताना कान तापले. मी म्हणाले, खरा भोंगा मी शोधून आणते. वकीलसाहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी संक्रांतीपर्यंतची मुदत दिली. मिळाला तर तो लावायचा, नाही तर नागोबा. पण माझ्या बोलण्यावर आता नानांचंही नाव टांगलेलं होतं, हे मला त्यांच्या विडी ओढण्यावरून कळत होतं.

भंगारवाल्यांकडून सहा भोंगे आणले. एकाचीही स्क्रूची पट्टी ठशावर बसेना. शेवटी मी वकीलसाहेबांना साधी गोष्ट विचारली. गाडी चालवायचं कोण? ते म्हणाले, ‘‘होता कुणी तात्याबा म्हणून. चोरटा. रात्रीतून भोंगा काढून पळाला, असं वडील सांगायचे. आता मेला असेल. बायको आहे म्हणतात, गावाबाहेर रानात राहते.’’ एवढं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं मी शेवगाव गाठलं.

त्या सकाळचं काय सांगू! शेवगावहून पुढं बैलगाडीनं आणि मग बांधावरून पायी. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, कणसात चीक भरलेला, पानांवरून दव ओघळून माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. ज्वारीच्या रानात शिरलं की दिसत काहीच नाही, ऐकू मात्र सगळं येतं. गोफणीचा सट्ट आवाज. पत्र्याचा डबा बडवणारं कुणी. लांबवर ‘हाऽऽ’ करणारी एक बाई. आणि वरून भोरड्यांचा थवा एकदम वळला की चादर झटकल्यासारखा होणारा फर्र आवाज.

आणि मग तो आला. ‘पोंऽऽप’. थोडा घोगरा, थोडा फाटका. भोंग्याच्या आत पितळेची पत्ती असते, तिच्या थरथरण्यातून तो निघतो. विजेच्या भोंग्याला तसं ओरडताच येत नाही. मी बांधावर उभीच राहिले. खोटं का बोलू, डोळ्यांत पाणी आलं. मी बरोबर होते! त्या क्षणी मला तात्याबा, त्याची बायको, कुणी दिसत नव्हतं. मला पुण्याच्या जाणकारांचा पडलेला चेहरा दिसत होता.

चार मेढींवर बांधलेल्या राखणीच्या माळ्यावर साठीची एक बाई बसली होती. भामाबाई. मेढीला काथ्यानं तो भोंगा बांधलेला, आखूड, काळा, तोंडाला निकेलची झिजकी कड. रबरी फुगा केव्हाच गेला असणार. त्या जागी ट्यूबचे तुकडे जोडून केलेला ठिगळांचा गोळा होता.

‘‘कोन हाय गं? हुरडा खायाला आली व्हय?’’

‘‘नगरहून आले, आजी. हा भोंगा बघायला.’’

‘‘मंग वर ये. खाली उभं राहून काय दिसतंय?’’

मी वर चढले. नाव सांगितलं, गाडी सांगितली, मिरवणूक सांगितली. ती ऐकत होती आणि मधून डाव्या हातानं फुगा दाबत होती. उजवं मनगट वाकडं होतं, मोडून तसंच जुळलेलं. मी म्हणाले, ‘‘लोक म्हणतात, तात्याबांनी रात्रीतून काढला.’’

‘‘रातीत?’’ ती इतकी मोठ्यानं हसली की जवळची पाखरं भोंग्याशिवायच उडाली. ‘‘ऊन डोक्यावर हुतं, पोरी!’’

मग तिनं सांगितलं. मी तेव्हा लिहून घेतलं नाही, पण एक शब्द विसरलेली नाही.

‘‘ह्यो भोंगा वाजला का बाप्यांनी पागुटं काढून कडंला उभं ऱ्हायाचं. बायांनी पाठ फिरवायची. मालकाचा हुकूम. आन वाजवायचं काम आमच्या मान्साचं. मी म्हनायची, काय वाटतं वो तुमाला वाजिवताना? त्ये म्हनायचं, हात वाजिवतो, मी न्हाई वाजवीत. त्या दिशी मी वड्याच्या वळनाला कडब्याचा भारा घिऊन चालले हुते. मागनं गाडी आली. लुगड्यावरनं त्यांनी मला वळखलं. भोंगा वाजवला न्हाई, गाडी हळू केली. मालक म्हनलं, वाजव. ह्ये म्हनलं, बाईमानूस हाय, डोक्याव भारा हाय, वळन सरलं का व्हईल कडंला. तवा मालकानं मागनं वाकून सोताच्या हातानं फुगा दाबला. पार माझ्या कानापाशी.’’

ती दचकून भाऱ्यासकट बांधावरच्या बाभळीच्या काट्यांच्या फेसाटीत पडली. मनगट तेव्हाच मोडलं.

‘‘मंग गाडी थांबली. आमचं मानूस उतारलं, मला उठवून सावलीला बसवलं. आन शीटाखालचा पेचकस काढला. मालक म्हनलं, काय करतो रं? ह्यांनी पेचकस लावला. एक पेच काढला. दुसरा काढला. तिसरा काढला. चवथा वाकडा बसलेला, त्यो काय निघंना. लई येळ लागला त्याला. मालक बघत बसलेलं. त्यास्नी गाडी कुठं चालिवता येत हुती? भोंगा काखंत मारला, मला धरलं, आन आमी घरी गेलो. गाडी दिस मावळायच्या टायमाला बैलं लावून वढून नेली.’’

‘‘पण तक्रार कशी नाही केली त्यांनी?’’

‘‘काय म्हनून करनार? माझ्या म्होरं बसून, एकेक पेच मोजून काढला म्हनून? त्यापरीस राती चोर आला म्हनलेलं बरं न्हाई का? आमचं मानूस पुन्यांदा कुनाच्या गाडीव बसलं न्हाई. दुसऱ्याचं रान बटईनं केलं. आन तवापासनं ह्यो मी वाजिवते. मान्सांव न्हाई, पाखरांव.’’

मी पिशवीतून ठशाचा कागद काढला. तिनं काथ्या सैल केला, मी भोंग्याची पट्टी कागदावर दाबली. एक, दोन, तीन. आणि चौथं. केसाचाही फरक नाही. पट्टीचा गंज आणि काळपट रंग कागदावर उमटला, भोकांभोवती चार गोल कडी पडली.

‘‘मंग, नेनार व्हय आता?’’ तिनं विचारलं.

मला तो हवा होता. इतक्या वर्षांनंतर सभ्यपणाचं सोंग कशाला आणू? मला तो इतका हवा होता की ती नको म्हणाली असती तर मी काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही. पण ती नको म्हणालीच नाही.

‘‘ने. पाखरांस्नी मी डबा बडवीन. पन एक कर. गाडीव ह्यो परत लावशील तिथं लिवून लाव. ह्यो चोरला न्हाई, कुनी काढला आन कशापायी काढला. मालकाच्या पोरानं त्ये लिवलेलं लावू दिलं, तर मी हसत दीन.’’

‘‘मी स्वतः रंगवीन पाटी,’’ मी म्हणाले. मला वाटलं, झालं काम! पाटी रंगवणं तर माझ्या हातचं होतं. तिनं खाली उतरून आगटीच्या निखाऱ्यातलं एक कणीस काढून माझ्या हातावर चोळलं, दाणे फुंकून दिले. परतीच्या एस.टी.त माझ्या ओंजळीला तो धुराचा वास नगरपर्यंत होता आणि मी मनात अक्षरं जुळवत होते.

तरी एक शहाणपण सुचलं. भोंगा मी बरोबर आणला नव्हता. वकीलसाहेब गॅरेजात आले तेव्हा मी आडून विचारलं, ‘‘साहेब, समजा भोंगा चोरीला गेलाच नव्हता. त्यामागे काही वेगळी हकिकत निघाली, तर गाडीवर तशी छोटीशी पाटी लावाल?’’

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. वकीलच ते. म्हणाले, ‘‘घरातल्या हकिकती घरात राहू द्याव्यात. वस्तू आमची आहे. कुठे दिसली असेल तर जागा सांग, हवालदार पाठवून आणतो. पाटीबिटी काही नको.’’

गॅरेजात तेव्हा कुणीतरी हातोडीनं मडगार्ड ठोकत होतं. तो आवाज थांबेपर्यंतच मला विचार करायला वेळ मिळाला. जाणकार तिथंच नागोबाला फडकं मारत बसले होते. मी बरोबर होते, हे जगात तिघांनाच माहीत असणार होतं: मला, भामाबाईला आणि पिशवीतल्या कागदाला.

‘‘नाही मिळाला,’’ मी म्हणाले. ‘‘खूप शोधला. नाहीच मिळाला.’’

‘‘तरी मी म्हणत होतो,’’ जाणकार म्हणाले, आणि प्रेमानं म्हणाले, हे जास्त वाईट. लहान मुलाला समजावतात तसं. त्या एका वाक्यानं मला जितकं जाळलं तितकं नंतर कशानं नाही. हरणं सोपं असतं हो. जिंकलेली असताना तोंड मिटून हरणं, आणि समोरच्याला हसू देणं, ते मात्र मला त्या दिवशी दातओठ खाऊन शिकावं लागलं. मान मात्र खाली घातली नाही. त्यांच्या डोळ्यांत बघत उभी राहिले.

संध्याकाळी नाना माझ्या रंगाच्या टेबलापाशी आले. ठशाचा कागद तिथं होता. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. पेन्सिलीचा ठसा आणि त्यावर बरोबर बसलेली गंजाची चार कडी. नानांची नजर पत्र्यातला केसाएवढा फरक ओळखणारी. त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या वहीत ठेवली आणि एवढंच विचारलं, ‘‘माणूस चांगलं आहे का?’’

‘‘बाई आहे,’’ मी म्हणाले. ‘‘चांगली आहे.’’

दुसऱ्या दिवशी जाणकारांनी मडगार्डवर खडूनं खुणा केल्या आणि नानांच्या हातात ड्रिल दिलं. नानांनी ते खाली ठेवलं. ‘‘ह्या गाडीला भोंग्याची भोकं आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘नवी मी पाडणार नाही.’’ वकीलसाहेब चिडले. भोंगाच नाही तर भोकांचं काय घेऊन बसलात? नाना म्हणाले, ‘‘मग भोंग्याशिवाय न्या.’’ आवाज चढवला नाही. जन्मभर ‘होय साहेब’ म्हणणारे माझे वडील. रोज केलेली ती दाढी, मिरवणुकीच्या पत्रकात छापून येणारं ते नाव, सगळ्यावर त्यांनी चार शब्दांत पाणी सोडलं आणि पाना घेऊन ट्रकखाली जाऊन आडवे झाले. दुपारी गाडी पुण्याला गेली. भोकं तिथं कुणीतरी पाडलीच. गाडीला बक्षीस मिळालं का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

पुढचे हिवाळे कसे गेले ते ह्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. पावसाविना ज्वारी कणसावर यायच्या आधी, पोटऱ्यातच वाळली. बहात्तरच्या पौषात मी भामाबाईकडे गेले तर रान उघडं, माळ्यावर कुणी नाही, आकाशात पाखरू नाही. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, मोडक्या मनगटानं. भोंगा घरात फडक्यात बांधून खुंटीला टांगलेला. ‘‘खाया काय हाय म्हनून पाखरं येत्याल?’’ ती म्हणाली, ‘‘पन येत्याल. मी फुग्याला तेल लावून ठिवलंय.’’ त्या वर्षी मला पहिल्यांदा भोरड्यांची वाट पाहावीशी वाटली. आणि पुढच्या सालात त्या आल्या. आता भामाबाई नाही, नानाही नाहीत. माळ्यावर तिची नातसून बसते. शेजारच्या रानात तो आपोआप ओरडणारा कर्णा लागला, पण हिच्या रानात अजून हातानं दाबतात. मी दरसाल जाते. हुरडा खाते आणि एकदा, फक्त एकदाच, फुगा दाबून येते.

मध्ये एका मासिकात त्या गाडीचा फोटो आला होता. मडगार्डवर नागोबा, खाली छापलेलं: मूळ भोंग्यासह. मी एकटीच इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

त्या तरुणाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याचं हे मला आवडलं. शेवटी म्हणाला, ‘‘मग आजी, मी तिथं काय बसवू?’’

‘‘काहीही बसवू नकोस. शिसं काढ. भोकं उघडी ठेव. खाली पाटी लाव.’’

गाडी आता त्या घराण्याकडे नाही, कुणा दुसऱ्यांनी विकत घेतली आहे. त्यांना विचारून सांगतो, म्हणाला. काल त्याचा पुन्हा फोन आला. ते तयार आहेत. नागोबा उतरवला.

आज सकाळपासून मी रंगाचा डबा काढून बसले आहे. हात कापतो, म्हणून कोपर टेबलाला टेकवून, श्वास धरून एकेक अक्षर काढलं. पन्नास वर्षांपूर्वी एस.टी.त जुळवलेलीच अक्षरं. शेवटचं वाक्य तेवढं आज घातलं. ‘येथील भोंगा या गाडीचे चालक तात्याबा यांनी चोरला नाही. मालकाने तो त्यांच्या पत्नी भामाबाई यांच्या कानाशी वाजवला, म्हणून त्यांनी तो मालकासमोर, भर दुपारी, स्वतःच्या हाताने काढून नेला. चौथा स्क्रू वाकडा असल्यामुळे थोडा वेळ लागला.’ शेवटच्या ओळीला रंग सांडला नाही, ह्याचा मला नंबरप्लेटी रंगवणारी म्हणून रास्त अभिमान आहे.

पाटी वाळत ठेवली आणि त्याला फोन केला. तो खूश झाला. मग जरा चाचरत म्हणाला, ‘‘आजी, पण तो भोंगा... तो आहे कुठे आता? एकदा बघायला मिळाला असता तर...’’

मी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन चांगलं वर आलं होतं. ह्या वेळेला भोरड्या रानात उतरतात.

‘‘पौष चालू आहे,’’ मी म्हणाले. ‘‘तो कामावर गेलाय.’’